फोन बदलावा का? एका निर्णयाचा तपशील

माझा फोन २०२२ साली बाजारात आलेला आणि त्या वेळी फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा सर्वांत वरच्या श्रेणीचा फोन, म्हणून विकला गेलेला आहे. यंदाचे नवे फ्लॅगशिप जाहीर झाले तेव्हा तो दुपार उलटण्याआधीच चार्जर मागू लागला होता, कॅमेरा उघडताना अडखळत होता आणि नकाशा चालू असताना कोणाचा फोन आला की काही क्षण गोठून बसत होता. नवा फोन घ्यावा हे मनाने जवळपास ठरवलेच होते. मात्र एवढा खर्च करायचा तर नेमके काय बिघडले आहे आणि नव्या फोनमुळे त्यातले काय सुधारेल, हे आधी स्पष्ट असावे असे मला वाटले. म्हणून मी एक वही केली आणि फोनने ज्या क्षणी त्रास दिला त्याच क्षणी त्यात नोंद करू लागले. 'फोन मंद झाला आहे' अशी मोघम नोंद करायची नाही, तर फोन त्या वेळी काय करत होता, बॅटरी किती उरली होती, तो गरम होता का, आणि हीच अडचण नव्या फोनमध्ये आली असती का, एवढे चार तपशील प्रत्येक नोंदीत असलेच पाहिजेत, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

काही आठवड्यांनी वही चाळली तेव्हा नोंदींचे आपोआप गट पडलेले दिसले. निम्म्याहून अधिक तक्रारी बॅटरीशी येऊन थांबत होत्या, काही भरलेल्या स्टोरेजशी, थोड्या कॅमेऱ्याशी. प्रोसेसरबद्दल निखळ तक्रार म्हणावी अशी नोंद शोधूनही सापडेना. पडद्याबद्दल तर एकही नोंद नव्हती, आणि जाहिरातींत सर्वांत मोठ्या अक्षरांत पडदाच असतो.

बॅटरीचा भाग आधी नीट समजून घेतला. लिथियम-आयन बॅटरी दर वेळी भरताना आणि रिकामी होताना थोडे लिथियम ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडवर साचत जाणाऱ्या थरात कायमचे अडकते, त्यामुळे क्षमता हळूहळू घटते. हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच काळात बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतूनच होणारा अडथळा, वाढत जातो, हे मात्र सहसा बोलले जात नाही. प्रोसेसरने एकाएकी जास्त प्रवाह मागितला की अशा बॅटरीचे व्होल्टेज खाली कोसळते, आणि मग फोन बंद तरी पडतो किंवा बंद पडू नये म्हणून स्वतःचा वेग तरी कमी करतो. ॲपलने जानेवारी २०१७ मधल्या आयओएस १०.२.१ या आवृत्तीपासून काही जुन्या आयफोनांत हेच केले होते. वर्षाअखेरीस कंपनीने ते जाहीरपणे मान्य केले आणि मार्च २०१८ मध्ये आलेल्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची स्थिती दाखवणारी सोय ग्राहकांना दिली. माझा फोन वेगळ्या कंपनीचा आहे, आणि त्यात वेग रोखण्याची अशी व्यवस्था आहे की नाही यावर मी काही गृहीत धरले नाही. पण वहीतल्या गोठण्याच्या बहुतेक नोंदी बॅटरी तीस टक्क्यांच्या खाली गेलेली असतानाच्या होत्या, आणि तोच फोन चार्जरला लावलेला असताना तेच काम विनातक्रार करत होता. एवढा पुरावा मला पुरेसा होता.

बॅटरी किती टिकावी याचे काही अधिकृत आकडे उपलब्ध आहेत आणि ते नजरेसमोर असले की अपेक्षा जमिनीवर राहतात. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांच्या बॅटरीने ५०० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के धारण करावे अशी तिची रचना असल्याचे ॲपल सांगते. आयफोन १५ पासून हाच आकडा १००० आवर्तनांवर गेला आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी नव्या फोनांसाठी किमान ८०० आवर्तनांनंतर ८० टक्के ही अट घातली आहे. आवर्तन म्हणजे एकदा चार्जर लावणे नव्हे. एकूण शंभर टक्के वापर झाला की एक आवर्तन मोजले जाते, मग तो वापर एका बैठकीत होवो की चार तुकड्यांत. रोज जवळपास एक आवर्तन खर्च करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाची बॅटरी दीडदोन वर्षांत थकू लागली तर त्यात नवल नाही. माझ्या बॅटरीची उरलेली क्षमता तपासून घेतली तेव्हा ती पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास निघाली.

स्टोरेजचे प्रकरण लवकर मिटले. फ्लॅश मेमरीत जुन्या माहितीवर थेट नवी लिहिता येत नाही. आधी एक मोठा तुकडा पुसावा लागतो. मोकळी जागा अगदी थोडी उरली की स्टोरेज सांभाळणाऱ्या नियंत्रक चिपला लिहिण्याआधी आवराआवर करावी लागते आणि वेग पडतो. माझ्या फोनचे स्टोरेज काठोकाठ भरले होते. त्यात मुख्यतः गटांवर फिरून आलेले व्हिडिओ होते, जे मी कधी पाहिलेही नव्हते. ते काढून टाकल्यावर कॅमेरा उघडताना होणारा अडथळा जवळपास नाहीसा झाला. वहीतला एक अख्खा गट असा फुकटात बाद झाला.

कॅमेऱ्याला मात्र बराच वेळ द्यावा लागला, कारण नवा फोन घ्यावा असे ज्यामुळे खरोखर वाटत होते ती गोष्ट हीच होती. इथे आकड्यांनी फार गोंधळ होतो. २०२३ मध्ये सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस२३ अल्ट्रामध्ये २०० मेगापिक्सेलचा सेन्सर आला, पण नेहमीच्या वापरात तो शेजारचे सोळा पिक्सेल एकत्र करून सुमारे १२ मेगापिक्सेलचेच छायाचित्र देतो. कमी प्रकाशात तेच योग्यही असते, कारण एवढ्याशा पिक्सेलवर एकेकटा पडणारा प्रकाश फारच तुटपुंजा असतो. छायाचित्राचा दर्जा प्रामुख्याने सेन्सरचे क्षेत्रफळ, भिंगाचे छिद्र आणि नंतरची संगणकीय प्रक्रिया यांवर ठरतो. सेन्सर मोठा केला की भिंग त्यापासून दूर न्यावे लागते आणि फोन जाड होतो. आजच्या फ्लॅगशिपांच्या पाठीवर दिसणारा उंचवटा त्यातूनच आला आहे. दूरच्या वस्तूंसाठी लागणारी लांब फोकल लांबी तर इतक्या पातळ शरीरात सरळ मावतच नाही. त्यासाठी प्रिझम वापरून प्रकाश काटकोनात वळवतात आणि भिंगांची रांग फोनमध्ये आडवी ठेवतात. ह्युआवेच्या पी३० प्रोने २०१९ मध्ये पाचपट झूमसाठी हीच पेरिस्कोप रचना वापरली होती, आणि आता ती वरच्या श्रेणीत अनेक कंपन्यांकडे दिसते. माझ्या फोनमध्ये ती नाही.

माझ्या भाच्याकडे यंदाचाच एक फ्लॅगशिप आहे. त्याचा फोन काही दिवस मागून घेतला आणि दोन्ही फोनांनी एकाच जागेवरून, एकाच क्षणाची छायाचित्रे टिपत गेले. नंतर ती सगळी एकाच आकाराची केली, फायलींची नावे बदलून सरमिसळ केली आणि घरातल्यांना एकाच मोठ्या पडद्यावर दाखवली. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक छायाचित्र आपापल्या फोनवर पाहिले तर आपण नकळत दोन पडद्यांची तुलना करत बसतो आणि अधिक उजळ पडदा जिंकतो. दिवसा मुख्य कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रांत घरच्यांची मते अगदी विखुरलेली आली. कोणाला एकाचा निळा अधिक आवडला, तर कोणाला दुसऱ्याची त्वचेची छटा. "मावशी, ही तर सगळी माझीच वाटतायत," असे म्हणत भाच्याने निवडलेल्या छायाचित्रांपैकी बरीचशी माझ्या फोनची होती.

कातरवेळी आणि दूरच्या विषयांवर मात्र वादाला जागाच उरली नाही. रंगमंचावरच्या माणसाचा चेहरा नव्या फोनमध्ये चेहरा होता, तर माझ्या फोनमध्ये रंगांचा लेप. याचे कारण सरळ आहे. माझा फोन दूरचे दृश्य टिपताना मधला भाग कापून मोठा करतो, आणि जो तपशील सेन्सरवर कधी नोंदलाच गेला नाही तो नंतरच्या प्रक्रियेने परत आणता येत नाही. फार तर तसा भासेल असा काही तरी रंगवता येतो. रात्री हलणाऱ्या विषयांचीही तीच गत झाली, कारण नाइट मोड अनेक चौकटी, म्हणजे एकापाठोपाठ टिपलेली छायाचित्रे, एकत्र करून प्रकाश जमवतो आणि मधल्या वेळात विषय हलला की तो धूसर होतो. मोठा सेन्सर त्या चौकटी थोड्या वेळात भागवतो.

फरक खरा आहे हे पटल्यावर प्रश्न उरला तो मला तो किती वेळा लागतो याचा. प्रत्येक छायाचित्राच्या तपशिलात फोकल लांबी नोंदलेली असते. त्यावरून मागच्या वर्षाची छायाचित्रे पाहिली तेव्हा दूरच्या विषयांची दहांतले एखादे तरी असेल की नाही, अशी स्थिती होती. बहुतेक माणसे, कागदपत्रे, घरातल्या वस्तू आणि फलक असेच सगळे होते. इथेच थांबले असते तर हिशेब सोपा होता. पण या मोजणीत एक पक्षपात दडलेला आहे. जी छायाचित्रे वाईट येणार हे मला ठाऊक असते ती मी काढतच नाही, त्यामुळे संग्रहात ती दिसणार कशी? म्हणून वहीत आणखी एक रकाना वाढवला आणि दूरचे छायाचित्र काढावेसे वाटूनही फोन खाली ठेवला, अशा प्रत्येक वेळची नोंद करू लागले. त्या नोंदी फार झाल्या नाहीत. ज्या झाल्या त्या मात्र पुन्हा न येणाऱ्या क्षणांच्या होत्या. कॅमेऱ्याचे पारडे त्यामुळे नव्या फोनकडे झुकलेलेच राहिले आणि ते ओढून समतोल करण्याचा प्रयत्न मी केला नाही.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात सांगते. चाचण्यांचे गुण बहुधा थोड्या मिनिटांतल्या कमाल वेगाचे असतात. फोनमध्ये बहुधा पंखा नसतो, त्यामुळे काम लांबले की उष्णता साठते आणि वेग आपोआप उतरवला जातो. नवा असो वा जुना, कोणताही फोन याला अपवाद नाही. जड खेळ खेळणाऱ्याला किंवा फोनवरच लांब व्हिडिओ संपादित करणाऱ्याला नव्या चिपचा लाभ रोज जाणवेल. मी दोन्ही करत नाही. माझी वाट पाहण्याची वेळ बहुतांशी नेटवर्कपाशी जाते आणि ती चिप बदलून कमी होत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींचा मोह मला होता, हे लपवत नाही. ध्वनिमुद्रणाचे टिपण, लिखाणाचा सारांश, छायाचित्रातला नकोसा माणूस पुसणे, या गोष्टी माझ्या कामाच्या आहेत. पण त्या नव्या यंत्रालाच बांधलेल्या असतात की नंतर जुन्यावरही उतरतात, याबाबतचा पूर्वानुभव दुहेरी आहे. जानेवारी २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस२४ सोबत गाजावाजा करून आणलेल्या बऱ्याच सोयी सॅमसंगने त्याच वर्षी मार्चअखेर आदल्या वर्षीच्या एस२३ मालिकेलाही दिल्या. उलट ॲपलच्या ॲपल इंटेलिजन्स या सोयी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आल्या तेव्हा जेमतेम वर्षभर जुना असलेला साधा आयफोन १५ त्यातून वगळला गेला आणि १५ प्रो मात्र आत राहिला. म्हणजे केवळ जाहिरातीतल्या सोयीसाठी घाई करणे व्यर्थ ठरू शकते आणि वाट पाहणेही. मी या सोयी निर्णयाच्या बाहेर ठेवल्या. आज ज्या लागतात त्या बऱ्याचशा साध्या ॲपमधूनही मिळतात, आणि ज्या मिळत नाहीत त्यांच्यावाचून अडत नाही.

आणि मग ज्या गोष्टीकडे मी सुरुवातीला लक्षच दिले नव्हते, ती सगळ्यात पक्की निघाली. फोनला सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार? बॅटरी बदलता येते, स्टोरेज रिकामे करता येते, मंदपणा सहन करता येतो. पण बँकेचे व्यवहार, ओळखपत्रे आणि खासगी पत्रव्यवहार ज्या यंत्रात आहे त्यातल्या उघड झालेल्या त्रुटी बुजवणे निर्मात्याने थांबवले की वापरणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ साठी सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. त्याआधीच्या बहुतेक फोनांची मुदत बरीच आखूड आहे, आणि माझ्या फोनला सुरक्षा अपडेट पाच वर्षे मिळणार आहेत. ही वर्षे साधारणतः फोन बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे, ही बाब खरेदीच्या वेळी कोणी आपणहून सांगत नाही. माझ्या फोनची मुदत २०२७ मध्ये संपते. तोपर्यंत अपडेट महिन्याला येण्याऐवजी तीन महिन्यांनी येऊ लागतील, हेही मी गृहीत धरले आहे.

यानंतर पैशांचा हिशेब मांडला, पण किंमत म्हणून नव्हे तर वर्षागणिक खर्च म्हणून. नवा फ्लॅगशिप आज घेतला तर त्याची किंमत भागिले तो वापरात राहील ती वर्षे, हा एक आकडा. बॅटरी बदलण्याचा खर्च भागिले माझ्या फोनच्या सुरक्षा अपडेटचा उरलेला काळ, हा दुसरा. दुसरा आकडा पहिल्याच्या आसपासही फिरकला नाही. जुना फोन विकून येणारी रक्कम पहिल्यातून वजा केली तरी चित्र पालटले नाही, कारण बाजारात त्याची मोठी घसरण कधीच होऊन गेली होती आणि पुढची घसरण संथ होती. उलट आज नवा घेतला असता तर पहिल्या वर्षातली सर्वांत तीव्र घसरण माझ्या पदरी आली असती. पर्यावरणाचा विचारही त्याच दिशेने जात होता, कारण फोनच्या आयुष्यभरातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो तयार होतानाचाच असतो.

फोन बदलण्याचा एक खर्च पावतीवर येत नाही, आणि मी तोही धरला. छायाचित्रे आणि संपर्क आजकाल सहज हलतात. पण बँकेची ॲप नव्या यंत्रावर पुन्हा नोंदवावी लागतात, दुहेरी पडताळणीचे कोड देणारी ॲप जुना फोन पुसण्याआधी हलवली नाहीत तर खात्यांची दारे बंद होऊ शकतात, आणि संदेशांचा बॅकअप नीट झाला आहे का हे तो परत उतरवून पाहिल्याशिवाय कळत नाही. हे काम कधी ना कधी करावेच लागणार आहे. निकड नसताना ते आज अंगावर घेण्याचे कारण मला दिसले नाही.

शेवटी बॅटरी बदलून घ्यायची असे ठरवले. त्यातही एक जोखीम होती. वरच्या श्रेणीचे फोन पाणी आणि धूळ रोखण्यासाठी चिकट पट्टीने बंद केलेले असतात, आणि पाठ एकदा उघडली की ती पट्टी नवी आणि नीट बसवली नाही तर आयपी६८ हा पाणी-धूळरोधाचा दर्जा कागदावरच राहतो. म्हणून काम कंपनीच्या अधिकृत केंद्रातच दिले, सुटा भाग मूळ असल्याचे आणि पट्टी बदलणार असल्याचे आधी लेखी घेतले आणि देण्यापूर्वी संपूर्ण बॅकअप काढला. दुरुस्तीनंतरही हा फोन पाण्यात टिकेल असे मी धरत नाही. पावसात तो पिशवीतच राहतो.

नव्या बॅटरीने दिवसअखेर पुरेशी शिल्लक राहू लागली आणि गोठण्याच्या नोंदी जवळपास थांबल्या. नकाशा चालू असताना आलेला फोन आता निमूट उचलला जातो. दूरच्या छायाचित्रांची उणीव जिथल्या तिथे आहे. भाच्याने "मग ठरलं काय?" असे विचारले तेव्हा त्याला अटी वाचून दाखवल्या. सुरक्षा अपडेटची मुदत संपेपर्यंत हाच फोन वापरायचा. त्याआधी पडदा फुटला किंवा मुख्य बोर्ड गेला, तर दुरुस्तीचा खर्च त्या दिवशीच्या विक्रीमूल्याच्या निम्म्याहून अधिक येताच दुरुस्तीत पैसे घालायचे नाहीत. आणि २०२७ मध्ये घ्यायची वेळ आली की त्या वर्षीच्या नव्या फोनाबरोबर आदल्या वर्षीचा फ्लॅगशिपही पाहायचा. सात वर्षांपैकी सहा वर्षांची अपडेट उरलेली असतील आणि किंमत उतरलेली असेल, तर माझ्यासारखीला तोच सोयीचा. दूरचे टिपणारे टेलिफोटो भिंग मात्र त्यात असलेच पाहिजे, आणि ते विकत घेण्याआधी कातरवेळी, हलणाऱ्या माणसावर, दुकानाच्या दिव्यांपासून दूर तपासून पाहायचे.